आतून साखर

“काका, हात उचला! पडलं भोक.”

मी हेल्मेट वर केलं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या स्टीलच्या नळीला मूग आरपार जाईल एवढं भोक पडलं होतं. कडा काळ्या होऊन आत वळल्या होत्या. समोरच्या मुलीनं चिमट्यानं ती नळी उचलली, खिडकीच्या उजेडात धरून एकदा फिरवली आणि टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डब्यात अशा पुष्कळ नळ्या होत्या. सगळ्या सकाळपासूनच्या, सगळ्या माझ्याच.

“नळीवर राग आहे का तुमचा?” तिनं विचारलं.

“राग कशाचा? बावीस वर्षं वेल्डिंग केलंय मी.”

“तेच दिसतंय,” ती म्हणाली. “दुसरी घ्या.”

तिचं नाव नसीम. नसीम दस्तगीर मुल्ला, राहणार मिरज. वय सव्वीस. मी भूपाल मगदूम, राहणार नांद्रे, तेव्हा सत्तेचाळिशीत होतो. ही गोष्ट सन दोन हजार एकची. कुपवाडच्या एमआयडीसीत लिमयेसाहेबांचा लहानसा कारखाना होता. दूध तपासायच्या यंत्रात बसणाऱ्या बारीक नळ्या आणि डब्या तिथं तयार व्हायच्या. त्या जोडायचं काम कारखान्यात एकटी नसीम करायची.

मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. मी साखर कारखान्यात वेल्डर होतो. उसाचे रोलर, बॉयलरचे पाइप, गव्हाणीच्या साखळ्या, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. गळीत हंगामाची मोळी पडायच्या आधीचे दोन महिने मला घर माहीत नसायचं. चीफ इंजिनियरसुद्धा मला ‘मगदूम मिस्त्री’ म्हणायचे. मग कारखाना बंद पडला. सुरुवातीला वाटलं, पुढच्या हंगामात सुरू होईल. दोन हंगाम गेले. गावात मी ट्रॉल्यांचे आस जोडले, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, एकाच्या म्हशीच्या दावणीची कडी जोडली. अशा कामानं घर चालत नाही. माझी बायको पद्मा शेडवर बेदाणे निवडायला जायला लागली. संध्याकाळी आली की तिच्या बोटांना चिकट वास असायचा, आणि ती भिंतीला टेकून बसायची ती बराच वेळ उठायचीच नाही. मी समोर बसलेला असायचो.

एका पाहुण्यानं लिमयेसाहेबांकडं माझ्यासाठी शब्द टाकला. साहेबांनी मला समोर बसवून एकच विचारलं, “आर्गन येतं?”

“नाही. शिकतो.”

“या वयात?”

“शिकतो साहेब.”

त्यांनी बराच वेळ माझ्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाले, “एक महिना. नसीम शिकवेल. महिन्याच्या शेवटी गिऱ्हाईकाचा माणूस येऊन तुमचं काम तपासेल. त्याला पटलं तर तुम्ही आमचे.”

आर्गनचं वेल्डिंग म्हणजे आमच्या वेल्डिंगचा चुलत भाऊसुद्धा नव्हे. आमच्याकडं जाड रॉड, ठिणग्यांचा पाऊस, धूर, वर हातोडीनं ठोकून पापुद्रा काढायचा. इथं टॉर्चच्या तोंडाशी टंगस्टनची सुईसारखी कांडी. तिच्या टोकातून ताव निघतो आणि भोवतीनं आर्गन वायू वाहतो, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात मेणबत्तीच्या वातीसारखी बारीक तार, आणि पायाखाली शिवणयंत्रासारखं पेडल. दाबाल तसा ताव वाढतो. धूर नाही, आवाज नाही. नुसती बारीक शीळ. टंगस्टनचं टोक वितळलेल्या थेंबाला चुकून टेकलं की ते खराब झालं. उठायचं, फिरत्या दगडावर घासून पुन्हा टोक काढायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या आठवड्यात माझा निम्मा दिवस दगडाजवळच जायचा.

तिसऱ्या दिवशी नसीमनं माझ्यासमोर दाढीच्या पात्यांचं पाकीट ठेवलं.

“ही दोन पाती एकमेकांना जोडायची. कडेला कड.”

“पाती? ही तर वाऱ्यानं उडतील.”

“उडू द्या. परत उचलायची. बाबांनी मला असंच शिकवलं. पाती जमली की नळी सोपी.”

मी पाती जोडायला बसलो. पहिली तर दिसेनाशीच झाली. पेडलवर पाय पडला आणि पात्याच्या जागी एक काळा मणी उरला. ती हसली नाही. शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, “तुम्ही ढकलताय, काका. कारखान्यात रॉड ढकलत होता ना तुम्ही? इथं ढकलायचं नाही. थेंब तयार होतो, त्याची वाट बघायची. तो चमकला की तार नुसती दाखवायची. तोच ओढून घेतो. करंगळी टेकवा. हां. आता श्वास घ्या. श्वास कशाला धरून ठेवलाय?”

“हात हलतो म्हणून.”

“श्वास धरला की जास्त हलतो.”

पोरीएवढ्या मुलीनं मला श्वास घ्यायला शिकवावं, हे पहिल्या आठवड्यात मला फार लागलं. नांद्र्याहून कुपवाड सायकलवर अकरा किलोमीटर. जाताना सकाळचं ऊन तोंडावर, येताना वारा अंगावर. दिवसभर मान वाकवून दाण्याएवढ्या ठिपक्याकडं बघत बसल्यावर सायकलवर मान वर उचलत नसे. घरी गेलो की पद्मा दिवेलागणीच्या आधी ताट वाढायची, कारण आमच्याकडं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. मी खाली मान घालून जेवायचो.

“जमतंय का?” ती विचारायची.

“जमेल.”

“शिकवणारा माणूस बरा आहे का?”

मी पहिले चार दिवस सांगितलंच नव्हतं. पाचव्या दिवशी म्हणालो, “माणूस नाही. मुलगी आहे.”

पद्मानं माझ्याकडं पाहिलं. “मग नीट ऐकत जा तिचं,” ती म्हणाली, आणि ताट उचलून घेऊन गेली.

दहाव्या दिवशी दोन पाती जोडली गेली. बाराव्या दिवशी नळी जोडली, भोक न पडता. जोडावर पिवळसर झाक होती, पिकलेल्या गव्हासारखी. आर्गनच्या कामात हीच खूण. सोनेरी म्हणजे उत्तम, निळं म्हणजे चालेल, राखाडी म्हणजे जळालं. मी ती नळी तळहातावर घेऊन बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा मला मी कोणीतरी आहे असं वाटलं.

नसीमनं ती पाहिली. “छान,” म्हणाली. मग नळी घेऊन मागच्या करवतीवर गेली, उभी चिरली आणि दोन फाका माझ्यासमोर ठेवल्या. बाहेरून सोनं होतं. आत जोडाच्या रेषेवर काळे, खरखरीत दाणे साठले होते. जळक्या साखरेचे असतात तसे.

“याला साखर धरली म्हणतात,” ती म्हणाली.

“साखर?”

“आतल्या बाजूला हवा लागली की धातू असा फुटतो. वरून कळत नाही. या नळीतून दूध जाणार. या खड्यांमध्ये दूध अडकणार, नासणार, आणि यंत्र चांगल्या दुधालाही खराब म्हणणार. मग गवळी डोक्याला हात लावून बसणार.”

मला हसू आलं. “बावीस वर्षं साखरेत काढली. ती बंद पडली म्हणून इथं आलो, तर इथंही तीच.”

तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हसली. मग तिनं मला टेबलाच्या बाजूचा दुसरा नळ दाखवला. त्याला बारीक रबरी नळी जोडलेली होती. स्टीलच्या नळीची दोन्ही तोंडं बुचं लावून बंद करायची, एका बुचातून आत आर्गन सोडायचा, आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं आणि मगच टॉर्च लावायची. बाहेरचा गॅस वेगळा, आतला गॅस वेगळा.

“बाहेरचा विसरलात तर सगळ्यांना दिसतं,” ती म्हणाली. “आतला विसरलात तर फक्त तुम्हाला माहीत असतं. म्हणून आतला आधी.”

दुपारी आम्ही त्याच टेबलावर कागद अंथरून जेवायचो. ती डबा आणायची, मीही आणायचो. तिच्या वडिलांबद्दल मला तिथंच कळलं. दस्तगीरभाई याच टेबलावर सोळा वर्षं बसले. ही शाळेतून त्यांचा डबा घेऊन यायची आणि त्यांच्या मागं उभी राहायची. ठिणगीकडं बघायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून ती त्यांच्या खांद्याकडं बघायची. “खांद्यावरनं हात कळतो,” ती म्हणाली. “खांदा खाली आला की समजायचं, थेंब जमला.” पुढं त्यांच्या छातीनं दगा दिला. ते घरी बसले आणि ही त्यांच्या स्टुलावर बसली. आता घर तिच्यावर होतं. वडिलांची औषधं होती, आईचे गुडघे होते. ती हे रडून सांगत नव्हती. भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगत होती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली होती. ती घाई करायची. दुपारचं जेवण झालं की माझे हात धुऊन होईपर्यंत नवी नळी लावून ठेवायची. मी चारला उठायला लागलो की म्हणायची, “अजून एक, काका. अजून नऊ दिवसच आहेत.” मला वाटायचं, माझ्या महिन्याची काळजी हिलाच जास्त.

चोविसाव्या दिवशी, शुक्रवारी, लिमयेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“उद्या सकाळी राव नावाचे तपासनीस येतायत, बंगळूरहून. त्यांच्यासमोर एक नळी जोडायची. ती चिरून बघतील. नसीम म्हणते तुम्ही तयार आहात.”

“तिनं शिकवलंय तसं करीन.”

“ऑर्डर दुप्पट होतेय. एक तारखेपासून दोन पाळ्या. वेल्डरनं एक आठवडा दिवसा यायचं, एक आठवडा रात्री, आणि सोबतीला एक पोऱ्या देऊ. मशिन एकच आहे, जागा एकच आहे, त्यामुळे वेल्डरही एकच ठेवतोय. ज्या पाळीत वेल्डर नसेल तिनं नळ्या कापून साठवायच्या, त्या त्यानं आपल्या पाळीत जोडायच्या.”

“आणि नसीम?”

साहेबांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. “बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबवता येत नाही, मगदूम. कायदाच आहे तसा. मला रात्री बसणारा माणूस लागणार. दोन वेल्डर मला परवडत नाहीत.”

“तिला माहीत आहे हे?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही यायच्या आधी मी तिला बोलावून सांगितलं. शिकवणार नसशील तर दुसरा माणूस बाहेरून आणतो, असंही सांगितलं. ती म्हणाली, शिकवते.”

मी केबिनच्या बाहेर आलो. नसीम टेबलावर वाकलेली होती. हेल्मेटमुळं चेहरा दिसत नव्हता. सायकल काढली आणि निघालो.

घरी पद्मा नुकतीच शेडवरून आली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ओसरीच्या पायरीवर बसून एका बोटानं दुसऱ्या बोटाला चिकटलेलं काढत होती.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय? त्या मुलीचं घर तिच्यावर आहे. तिनं मला हात धरून शिकवलं. तिचीच जागा मी घ्यायची?”

पद्मानं बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, “तुम्हाला योग्य वाटंल ते करा. मला शेडवाल्यानं विचारलंय, सकाळची पाळी पण घेतीस का म्हणून. घेते म्हणून सांगते उद्या.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं खरंच तसं ठरवून टाकलं होतं. हात धुवायला ती उठली तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उठली. तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की उद्या नापास व्हायचं.

शनिवारी सकाळी राव आले. शांत, टक्कल पडलेले गृहस्थ. खिशात भिंग होतं. टेबलाभोवती हिरवा पडदा असायचा, ताव डोळ्यांना लागू नये म्हणून. पडद्याच्या आत मी आणि माझ्या मागं नसीम, बाहेर राव आणि लिमयेसाहेब. मी नळी पुसली, बुचं लावली, रबरी नळी जोडली. सगळं तिनं शिकवलेल्या क्रमानं. आणि आतल्या गॅसचा नळ उघडल्यासारखा हात फिरवला, पण उघडला नाही. मागं उभ्या असलेल्या नसीमला माझी पाठ आडवी येत होती.

मग टॉर्च लावली. करंगळी टेकवली. थेंब चमकला, तार दाखवली, त्यानं ओढून घेतली. नळी फिरवत गेलो. इतका सरळ जोड मी आधी कधी केला नव्हता. हेल्मेट काढलं तेव्हा जोड सोनेरी होता. पडद्याबाहेर नेऊन दाखवला, रावांनी भिंगातून पाहिला आणि मान डोलावली. “कट इट,” म्हणाले.

नळी चिरायचं काम नसीमचं. ती मागच्या करवतीवर गेली. मी टेबलाशी येऊन बसलो. करवतीचा आवाज आला, थांबला. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती पडदा सारून आत आली. तिच्या मुठीत नळीच्या दोन फाका होत्या. तिनं त्या टेबलावर ठेवल्या नाहीत, मूठ फक्त माझ्यापुढं उघडली. आत साखर होती. काळी, खरखरीत.

“काका,” ती अगदी हळू बोलली, बाहेर दोघं उभे होते म्हणून. “मी तुमच्या खांद्याकडं बघत होते. खांदा बरोबर होता. हात बरोबर होता. मग आत हे कसं?”

मी हातमोजे काढायला लागलो.

“मुद्दाम ना?”

“तुझी जागा आहे ती,” मी म्हणालो. “मला काल कळलं. तू का नाही सांगितलंस?”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही शिकला नसतात. दुसरा कोणीतरी आला असता.” तिनं मूठ पुन्हा मिटली. “बाहेरून बिघडवायचं जिवावर आलं होय? वरून सोनं आणि आतून हे. सगळ्यांनी छान म्हणायला पाहिजे, आणि मग नापास व्हायला पाहिजे.”

हे तिनं बोलून दाखवलं तेव्हा मला कळलं की असंच होतं. भोक पाडलं असतं तरी मी नापास झालो असतो. पण त्या टकल्या माणसासमोर भोक पाडणं माझ्यानं झालं नसतं.

“मी राहिले तरी साहेब रात्रपाळीला माणूस आणणारच,” ती म्हणाली. “तुम्ही नाही तर अजून कोणीतरी. माझी जागा गेलीय, काका. ती जाणं माझ्या हातात नव्हतं. पण याच टेबलावर मी कोणालातरी शिकवलं, आणि त्यानं अशी नळी केली, हे मी घरी जाऊन बाबांना काय सांगू?”

तिनं दोन्ही फाका ओढणीच्या टोकात गुंडाळल्या आणि पडद्याबाहेर तोंड काढून म्हणाली, “साहेब, करवत घसरली माझ्याकडून. नळी तिरकी चिरली. दुसरी करून घेते, पंधरा मिनिटं द्या.”

लिमयेसाहेब काहीतरी पुटपुटले. रावांनी घड्याळ पाहिलं आणि चहाला चला म्हणाले. दोघांच्या बुटांचा आवाज केबिनकडं गेला.

पंधरा मिनिटांनी दुसरी नळी तयार झाली. चिरली. बाहेर सोनं, आत चांदीसारखी गुळगुळीत रेघ. रावांनी तिच्यावरून नख फिरवून पाहिलं, नख कुठंच अडकलं नाही. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. लिमयेसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि नसीमला म्हणाले, “चांगलं तयार केलंस.” ती म्हणाली, “हो.”

एक तारखेपासून मी त्या स्टुलावर बसलो. चौदा वर्षं बसलो. रात्रपाळीच्या आठवड्यात पद्मा मला दिवस असतानाच जेवायला घालायची, आणि पहाटे घरी आलो की मी उपाशीपोटी झोपायचो. तिनं शेड सोडली. बोटांचा वास जायला काही महिने लागले. मुलीचं लग्न केलं, घरावर स्लॅब टाकला. नसीम काही वर्षं मिरजेत भांड्यांच्या दुकानात स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करत होती, असं ऐकलं. नंतर ती पुण्याला गेली. चाकणच्या कुठल्याशा कंपनीत लागली, आणि तिथं ती आता वेल्डिंग तपासते म्हणे. खरं खोटं मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही. दस्तगीरभाई वारले तेव्हा गेलो होतो. दारात पुरुषमंडळी उभी होती. मी त्यांच्यात उभा राहिलो आणि आत न जाताच परत आलो.

आमच्या घरी नसीमचं नाव फार आदरानं घेतात. पद्मा नातवंडांना सांगते, “तुमच्या आजोबांनी त्या मुलीसाठी नोकरी सोडली होती. मुद्दाम काम बिघडवलं होतं. पण ती मुलगी केवढ्या मनाची! आजोबा ऐकेनात म्हणून तिनं स्वतःच्या हातानं गॅस सोडला, समोर उभी राहिली आणि त्यांना करायला लावलं.” हे सगळं मीच तिला त्या शनिवारी संध्याकाळी सांगितलेलं आहे. इतक्या वेळा ऐकलंय की मलाही ते तसंच घडल्यासारखं दिसायला लागलं होतं.

तसं घडलेलं नाही.

राव आणि लिमयेसाहेब चहाला गेल्यावर नसीमनं कपाटातून नवी नळी काढून टेबलावर ठेवली. बुचं ठेवली. मग म्हणाली, “मी बाहेर थांबते. आतला गॅस सोडायचा का नाही ते तुम्ही ठरवा. यावेळी जे निघेल तेच मी चिरून त्यांच्यापुढं ठेवणार. झाकणार नाही.” आणि ती गेली. पडद्याच्याच नव्हे, शेडच्याही बाहेर. दारातून ती मला दिसत होती. नळावर तोंड धुवत होती, पाठ माझ्याकडं करून.

पडद्याच्या आत मी एकटा होतो. मला कोणी काही करायला लावलं नाही. नळी बिघडवायचे चार मार्ग मला माहीत होते, आणि त्यातला एक मी थोड्या वेळापूर्वीच वापरला होता. पण त्या वेळी माझ्या मनात नसीम नव्हती. तिचे वडील नव्हते, पद्माची बोटंसुद्धा नव्हती. मी फक्त दमलो होतो. दोन वर्षांचा दमलो होतो. मला वाटलं, एकदा चांगलं व्हायचा प्रयत्न केला, तो झाला, आता पुरे. मी आतल्या गॅसचा नळ उघडला. आतली हवा जायला लागतो तेवढा वेळ मोजला, वर अजून थोडा मोजला, काही राहू नये म्हणून. आणि जोड केला.

काम पास झाल्यावर नसीमनं तिचं हेल्मेट, हातमोजे आणि डबा पिशवीत भरला. ती टेबलावरचा कागद गोळा करत होती, टंगस्टनच्या कांड्या माझ्यासाठी नीट लावून ठेवत होती. अर्धा तास तरी ती तिथं होती. मला तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मला भूक लागली होती. गेल्या दोन वर्षांत लागली नव्हती अशी. मी स्टुलावर बसलो, डबा उघडला, आणि ती समोर आवरत असताना तिन्ही भाकऱ्या खाल्ल्या.